रानमेवा बागेत आणताना

कोकमाची बी पेरली, तर उगवलेले झाड नर आहे की मादी हे कळायला सात-आठ वर्षे जातात. झाड फुलावर आल्याखेरीज ते ओळखता येत नाही, आणि साधारण निम्मी झाडे नर निघतात. नराला फळ धरत नाही. म्हणजे शेतकऱ्याने शंभर रोपे लावायची, उन्हाळ्यामागून उन्हाळे त्यांना पाणी घालायचे, गुरांपासून राखायची आणि शेवटी त्यांतल्या पन्नासेक झाडांवर कुऱ्हाड चालवायची. या हिशेबाने कोण कोकमाची बाग लावील? म्हणून कोकणात पिढ्यान् पिढ्या कोकम परसात, नारळी-पोफळीच्या सावलीत, वहाळाच्या काठी आपसूक उगवेल तसे वाढत राहिले. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, गोळा करायची, घरापुरती आमसुले करायची, चार किलो बाजारात द्यायची. उरलेली फळे झाडाखाली पावसात कुजून जायची.

जांभूळ, करवंद, बोर, कवठ, चारोळी, फणस, चिंच, भोकर, फालसा या सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच आहे. यांच्यावर लिहिणारे बहुधा गुणांची यादी देतात. यात लोह, त्यात क जीवनसत्त्व, याने पित्त शमते, त्याने साखर उतरते. ती यादी सगळीच चुकीची नाही. पण ती वाचून बागा उभ्या राहिल्या नाहीत. ज्या फळाची लागवड वाढली, त्याची एखादी नेमकी अडचण कोणीतरी सोडवली म्हणून वाढली. कुठे चांगले झाड निवडून त्याची कलमे केली, कुठे उंच झाड छाटून बुटके ठेवले, कुठे दोन दिवसांत नासणारे फळ वर्षभर टिकेल अशा रूपात आणले. या प्रकरणात आपण त्या अडचणींच्याच वाटेने जाणार आहोत.

आधी, हा खटाटोप कशासाठी ते पाहू. माणसाने अन्नासाठी आजवर सुमारे 6,000 वनस्पती लावल्या. आज जगाच्या एकूण पीक-उत्पादनाचा 66 टक्के भाग अवघ्या 9 पिकांतून येतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2019च्या अहवालात नोंदवले आहे. फळांतही तेच. महाराष्ट्राचे पैसे देणारे फळ म्हटले की द्राक्ष, डाळिंब, केळी, संत्रा, आंबा ही पाच नावे पुढे येतात. यांतल्या एकाच फळावर सगळा संसार टांगला की काय होते, हे डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा सोलापूर-नाशिककडच्या शेतकऱ्यांनी सोसले आहे. उभ्या बागा उपटाव्या लागल्या. बांधावर चार जातींची झाडे असती तर डाळिंबाचे नुकसान भरून निघाले असते असे नाही, पण घरात काही येत राहिले असते. हलक्या, मुरमाड, पाणी नसलेल्या जमिनीत द्राक्ष लावायचेच नसते, आणि महाराष्ट्रात अशी जमीन फार मोठी आहे. तिथे बोर, सीताफळ, चिंच, कवठ, आवळा ही झाडे मुळात तिथलीच असल्यासारखी वाढतात.

आता पुन्हा कोकमाकडे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दोन गोष्टी केल्या. गावोगावची कोकमे पाहून त्यांतली भरपूर आणि चांगली फळे देणारी झाडे हेरली, आणि त्यांची मृदुकाष्ठ कलमे बांधण्याची पद्धत बसवली. कोवळ्या रोपाच्या खुंटावर मादी झाडाची काडी बांधली की झाड मादीच होणार, यात शंका उरत नाही. सात-आठ वर्षांच्या जागी चार-पाच वर्षांत फळ दिसू लागते. 1997मध्ये प्रसारित झालेली ‘कोकण अमृता’ ही जात पावसाच्या आत तयार होते. कोकमाच्या बाबतीत हा गुण फळाच्या आकारापेक्षा मोलाचा आहे, कारण रातांबा भिजला की साल वाळत नाही, बुरशी धरते, आणि आमसुलाचा सगळा धंदा उन्हावर चालतो. पुढे आलेल्या ‘कोकण हातीस’ची फळे आणखी मोठी आहेत.

कलम करताना एक बारकावा आहे, तो रोपवाटिकेत विचारून घ्यावा. कोकमाच्या आडव्या फांदीची काडी वापरली, तर कलमही आडवेच, जमिनीलगत पसरत वाढते. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी वापरली, तर झाड मूळच्यासारखे उभे, निमुळते होते. पसरट कलमाची फळे हाताने काढता येतात, पण नारळाच्या बागेत मधल्या जागेत लावायचे तर उभे झाड सोयीचे. दुसरे असे की सगळीच मादी कलमे लावून चालत नाही. परागासाठी दहा मादी झाडांमागे एखादे नर हवेच. आसपासच्या रानात जुनी कोकमे असतील तर ती ही गरज भागवतात. स्वतंत्र बाग करायची तर दोन झाडांत 6 मीटर अंतर पुरते.

आणि मग फळाचे काय करायचे? इथे कोकणातल्या घरांनी विद्यापीठाच्या कितीतरी आधी उत्तर शोधलेले आहे, आणि ते इतके पुरे आहे की या झाडाचे जवळजवळ काहीच वाया जात नाही. पिकलेला रातांबा फोडून बिया आणि गर वेगळा करतात. साल उन्हात घालतात, गराच्या रसात मीठ घालून ती त्यात बुडवतात, पुन्हा वाळवतात, पुन्हा बुडवतात. अशी पुटे देत गेले की साल काळी, मऊ, चकचकीत होते, तेच आमसूल. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, सोलकढीला तो थेट चालतो. साली साखरेत मुरवल्या की सुटणारा पाक म्हणजे अमृत कोकम, सरबताचा अर्क. उरलेल्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून थंड झाल्यावर मुठीने तिचे गोळे वळतात. पायाच्या भेगांवर, फुटलेल्या ओठांवर कोकणात हेच मुठेल लावायचे, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. बीच्या वजनाच्या साधारण पाव भाग ही चरबी असते. ती घरातल्या हवेत घट्ट राहते आणि अंगाच्या उष्णतेला विरघळू लागते. याच गुणामुळे मलमे, साबण आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांना ती हवी असते. आपल्याकडे मात्र अजूनही बियांचे पोते मातीमोल भावाने उचलले जाते. कोकमाचा खरा पैसा त्या पोत्यात आहे असे माझे मत आहे, आणि गावपातळीवर बिया फोडण्याची व तेल काढण्याची छोटी यंत्रे लागली तर तो गावात राहील.

औषधी गुणांवर धंदा उभारू पाहणाऱ्यांनी कोकमाच्या एका भाऊबंदाची गोष्ट ध्यानात ठेवावी. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीतही ते असते. त्याने वजन उतरते, असा गाजावाजा 1990च्या दशकात अमेरिकेत झाला आणि कुडमपुळीच्या अर्काच्या गोळ्या धडाक्याने खपू लागल्या. 1998मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्या अर्काची रीतसर चाचणी छापून आली. जादा वजनाची 135 माणसे, 12 आठवडे. एका गटाला अर्क, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. दोन्ही गटांच्या वजनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. कोकम आंबट आहे, रंगाने सुंदर आहे, उन्हाळ्यात जिवाला गारवा देते, त्याच्या लाल रंगातली द्रव्ये उपयुक्त आहेत. एवढे पुरेसे आहे. जे सिद्ध नाही ते पाकिटावर छापले की चार वर्षे विक्री होते आणि मग फळाचेच नाव बद होते.

जांभळाची अडचण निराळी. त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. जूनच्या सुरुवातीला मुंबई-पुण्याच्या बाजारात जांभळाचा भाव हापूसला मागे टाकतो. अडचण झाडाच्या उंचीची आहे. बियांपासून झालेले जांभळाचे झाड तीन-चार मजल्यांएवढे वाढते, फांद्या ठिसूळ, फळ नाजूक, आणि एका घोसातली सगळी फळे एकदम पिकत नाहीत. झाड हलवून पाडलेले जांभूळ खाली पडताच फुटते. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोली गावाने यावर बांबूची परांची हा उपाय केला. हंगामाच्या आधी प्रत्येक झाडाभोवती बांबू बांधून मजल्यांसारखे टप्पे करायचे आणि माणसांनी त्यावर उभे राहून पिकलेले जांभूळ एकेक खुडायचे. त्याला मजूर लागतात, बांबू लागतात, पडण्याचा धोका असतोच. पण फळ अखंड राहते, म्हणून भाव मिळतो. तिथल्या टपोऱ्या, गरदार जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याच गावाचे नाव असलेली ‘कोकण बहाडोली’ ही जात दापोली विद्यापीठाने प्रसारित केली.

नवीन बाग लावणाऱ्याला परांचीची गरज पडू नये. कलम लावावे, कमरेच्या उंचीवर शेंडा मारावा, चार-पाच फांद्या चहूकडे जाऊ द्याव्यात आणि फळे निघाली की दर वर्षी छाटणी करून झाड हाताच्या टप्प्यात ठेवावे. गुजरातेतल्या गोध्र्याच्या बागवानी संशोधन केंद्राने कमी उंचीची ‘गोमा प्रियंका’ ही जात काढली आहे, तीही पाहावी. फुटलेली, डागी जांभळे फेकू नयेत. त्यांचा गर काढून गोठवता येतो, आणि सरबत, वडी, व्हिनेगर यांना तो चालतो. बियांचे चूर्ण मधुमेहासाठी आयुर्वेदात पूर्वापार दिले जाते. मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी थांबवून ते घेणे धोक्याचे आहे.

घाटमाथा ओलांडून अवर्षणाच्या मुलखात आलो की बोर भेटते, आणि मला या सगळ्यांत बोरीविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो. तिचे सोटमूळ खोल जाते. उन्हाळ्यात ती पाने गाळून गप्प राहते, पावसाने फुटते, पाऊस सरता सरता फुलते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पौष-माघात फळ पिकवते. ज्या महिन्यांत विहिरीला पाणी नसते, त्याच महिन्यांत तिला पाणी लागत नाही. कोरडवाहू शेतासाठी याहून नेमके झाड सापडणे कठीण. पिशवीत वाढवलेल्या रोपाचे सोटमूळ मात्र पिशवीतच वळते किंवा तुटते, आणि मग तिचा मुख्य गुणच जातो. म्हणून रानबोरीच्या बिया जागेवरच टोकाव्यात, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा. बांधावर आधीच रानबोर असेल तर ती तोडून टाकू नये. उन्हाळ्यात ती जमिनीपासून हातभर उंचीवर छाटावी आणि येणाऱ्या जोमदार फुटव्यावर उमराण किंवा कडाका जातीचा डोळा भरावा. मूळ तयारच असल्याने फळ लवकर येते. बोरीला फळ नव्या फुटीवरच धरते, म्हणून दर एप्रिल-मेमध्ये छाटणी चुकवायची नाही. फळमाशीचा त्रास होतो. त्यासाठी खाली पडलेली किडकी बोरे रोज वेचून नष्ट करणे हा बिनखर्चाचा आणि परिणामकारक उपाय आहे.

संक्रांतीच्या सुगडात बोर लागते, लहान मुलांच्या बोरन्हाणाला बोरे लागतात, म्हणजे या फळाला आपल्या घरात हक्काचा दिवस आहे. असे असूनही बाजारात मोठ्या, पाणचट, सफरचंदासारख्या दिसणाऱ्या परदेशी बोरांनी गावरान बोरांना मागे सारले. जळगावच्या मेहरूणच्या बोरांची चव खानदेशाबाहेरही नावाजलेली. शहर पसरत गेले तशी ती झाडे कमी होत गेली. चवीची जात एकदा गेली की ती परत घडवता येत नाही.

करवंदाविषयी थोडक्यात. त्याला बाग लागतच नाही, त्याचे कुंपण करावे. काटेरी जाळी गुरांना अडवते, खत-पाणी मागत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये फळ देते. दापोलीची ‘कोकण बोल्ड’ ही जात मोठ्या फळाची आहे. कच्च्या करवंदाचे लोणचे सर्वांना ठाऊक आहे. पण केकवर आणि विड्याच्या पानात जी लाल ‘चेरी’ मिळते, ती पुष्कळदा रंगवून पाकात मुरवलेले करवंदच असते, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. हा उद्योग सह्याद्रीतल्या बचत गटांना सहज करता येण्याजोगा आहे.

विदर्भातल्या चारोळीची अडचण कलमाची किंवा यंत्राची नाही, मालकीची आहे. जंगलातले झाड कोणा एकाचे नसते. मी पिकण्याची वाट पाहिली तर दुसरा तोडून नेणार, या भीतीने फळे कच्ची ओरबाडली जातात, फांद्याच तोडल्या जातात. कच्च्या फळातली चारोळी लहान, भाव कमी, आणि रुजायला बी उरत नाही म्हणून नवे झाडही नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. जिथे ग्रामसभा तोडणीची तारीख ठरवते आणि ती पाळली जाते, तिथे झाड वाचते. गोध्र्याच्या केंद्राने चारोळीचीही ‘थार प्रिया’ ही जात दिली आहे, तेव्हा शेतात लावण्याची वाटही आता मोकळी आहे.

आवळ्याचा धडा वेगळा, आणि कडू. महाराष्ट्र शासनाने 1990मध्ये रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवड सुरू केली, आणि कोरडवाहू जमिनीवर सीताफळ, बोर, चिंच, आवळा मोठ्या प्रमाणावर लागले. योजना चांगलीच होती. पुढे मनरेगातून आणि भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून कोकम, जांभूळ, फणस, चिंच, आवळा यांना अनुदान मिळत आले आहे. पण आवळा कोणी केळ्यासारखा सोलून खात नाही. तो कँडी, मोरावळा, सुपारी, च्यवनप्राश होऊनच खपतो. जवळ कारखाना नाही आणि फळ एकाच वेळी सगळ्यांचे आले, तेव्हा तोडणीची मजुरीही निघेना आणि अनेकांनी बागा काढल्या. शिवाय आवळ्याची एकच जात लावली तर फळधारणा कमी होते. कृष्णा, कांचन, एनए-7 अशा दोन-तीन जाती मिसळून लावाव्या लागतात, हेही पुष्कळांना लावून झाल्यावर कळले. तेव्हा झाड लावायच्या आधी फळ कोण घेणार हे विचारावे, आणि ते फळ ताजे खपणारे आहे की प्रक्रियेचे, यावर किती झाडे लावायची ते ठरवावे.

माझा आग्रह असा आहे की अशा फळांची सलग एकसुरी बाग करू नये. दक्षिण गुजरातेतल्या वांसदा भागात बाएफ या स्वयंसेवी संस्थेने 1980च्या दशकात आदिवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’ बसवली. एकरभर जागेत मध्ये आंबा-काजू, कडेने कुंपणाची आणि जळणाची झाडे, पहिली काही वर्षे मधल्या पट्ट्यांत नेहमीची पिके. तीच रीत इथे चालावी. जाती निवडताना पंचांग समोर ठेवावे. पौष-माघात बोर, महाशिवरात्रीच्या सुमारास कवठ, होळीच्या मागेपुढे चिंच, वैशाखात करवंद, फणस आणि कोकम, मृगात जांभूळ, दसरा-दिवाळीत सीताफळ, थंडीत आवळा. हवामान एकच नसल्याने ही सगळी एका शेतात येणार नाहीत, पण तीन-चार तरी कुठेही येतात. त्यामुळे तोडणीची कामे एकावर एक पडत नाहीत, घरातल्या मुलांना वर्षातले बरेच महिने ताजे फळ मिळते, आणि एखाद्या वर्षी मोहोर गळला तरी सगळेच हातचे जात नाही. रोजच्या आहारात 100 ग्रॅम फळ असावे असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. खेड्यातल्या मजुराच्या घरी ते विकतच्या सफरचंदाने येणार नाही. येईल तर बांधावरच्या झाडानेच.

कलमे कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून घ्यावीत. जोड नीट जुळलेला आहे का पाहावे. जोडाच्या खालून फुटणारी फूट वेळच्या वेळी काढावी, नाहीतर खुंट वरचढ होतो आणि चार वर्षांनी भलतेच फळ हाती येते. कोरडवाहू झाडालाही पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आणि शेजारी पुरलेले, तळाला बारीक छिद्र असलेले मडके यांवर ते निभते.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: आजवर आलेल्या बहुतेक चांगल्या जाती आधी कोणाच्या तरी परसातले, बांधावरचे एकेक झाडच होत्या. कर्नाटकात तुमकुरु जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेतात तांबूस गऱ्यांचा, छोटा, गोड फणस होता. बंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तो तपासला, ‘सिद्दू’ नावाने त्याची कलमे केली, आणि कलमांच्या विक्रीतला वाटा त्या शेतकऱ्याला मिळेल असा करार केला. आपल्याकडेही 2001च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येते. तुमच्या गावात असे एखादे झाड असेलच, ज्याच्या जांभळांची, चिंचेची किंवा बोरांची चव साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. या हंगामात त्याची फळे मोजा, तोलून वजन लिहून ठेवा, कधी पिकते ते टिपा, आणि नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. तिथे दाद लागली नाही तर गावातल्या कलम बांधणाऱ्याकडून निदान दहा कलमे करून दहा घरी लावा. रस्त्याच्या रुंदीकरणाची खूण त्या खोडावर पडण्याआधी हे करा.